ओडीटी फाइल परत पाठवू नका : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

तालुक्याच्या गावी माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. मध्यंतरी बचत गटाच्या एका ताईंचा कर्जप्रस्ताव मी लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून पेनड्राइव्हवर दिला. कार्यालयात फाइलच्या नावापुढे 'ओडीटी' (लिब्रेऑफिसच्या फाइलची खूण) दिसताच, उघडून न बघताच सांगितलं, "आमच्या सॉफ्टवेअरची आणा." दुसऱ्या खेपेला रूपांतर करून दिली, तर तिकडे खर्चाचा तक्ता तुटला. बेरीज एका पानावर, अध्यक्षांच्या सहीची जागा दुसऱ्या. एका प्रस्तावासाठी एसटीने तीन हेलपाटे झाले, त्या दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला एकच सॉफ्टवेअर शिकवलंय. मायक्रोसॉफ्टची मक्तेदारी टिकते ती अशा टेबलांवर.

ती उभी राहिली करारांतून. १९८१ साली आयबीएमच्या पीसीसाठी डॉस (संगणक चालवणारी प्रणाली) देताना मायक्रोसॉफ्टने ते इतर उत्पादकांना विकायचा हक्क स्वतःकडे ठेवला. पुढे अनेक उत्पादकांशी असे करार केले की, डॉस घाला अगर घालू नका, विकलेल्या प्रत्येक संगणकामागे पैसे भरायचे. मग दुसऱ्याची प्रणाली घालून दुहेरी भुर्दंड कोण सोसणार? १९९४ मध्ये अमेरिकी सरकारने हे बंद करायला लावलं, पण तोवर बाजार हातात आला होता. मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवल्याचा ठपका २००१ मध्ये अपिलातही कायम राहिला. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश मात्र रद्द झाला.

करार कोर्टाला मोडता येतात. लाखो फाइली एकाच कंपनीच्या साच्यात अडकल्यावर कोर्ट काय करणार? तिथे सरकारच हवं.

ओडीएफ, म्हणजे ओडीटी ज्यात मोडते तो खुला फाइल-साचा, २००६ पासून आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण केंद्राने २०१० मध्येच आणलं. विकतची सॉफ्टवेअरंसुद्धा आता ही फाइल उघडतात. साहेब, अडतंय फक्त "चालत नाही" या दोन शब्दांपाशी!

म्हणून एक जीआर काढा. ओडीएफ फाइल कोणत्याही कार्यालयाने नाकारू नये, अर्जांचे कोरे नमुनेही त्यात मिळावेत आणि प्रत्येक सरकारी संगणकावर लिब्रेऑफिस असावं. ते मोफत आहे, निविदाही काढावी लागणार नाही. सोबत कर्मचाऱ्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण द्या. आमच्या तालुक्यात ते द्यायला मी दुकान बंद ठेवून येईन.

आपला,
एक टायपिंग व्यावसायिक