उभ्या गाडीची बॅटरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्पोर्ट्स कारविषयी जे लिहिले जाते ते बहुधा तिचा वेग, इंजिनाची ताकद आणि टायर यांविषयी असते. प्रत्यक्षात यांतल्या बऱ्याच गाड्या वर्षातले कितीतरी दिवस आच्छादनाखाली उभ्या असतात, आणि त्या काळात सर्वांत आधी निकामी होते ती बॅटरी. माझ्याकडे अशी एक गाडी अनेक वर्षांपासून आहे. पुरेशी माहिती नसल्यामुळे तिच्या दोन चांगल्या बॅटऱ्या मी गमावल्या. तशीच वेळ इतर कोणावर येऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गाडी बंद करून कुलूप लावले की बॅटरीला विश्रांती मिळते, अशी माझी समजूत होती आणि ती साफ चुकीची निघाली. चोरीविरोधी अलार्म, किल्लीचा संकेत ऐकण्यासाठी जागा असलेला रिसीव्हर, घड्याळ आणि निरनिराळ्या संगणकीय यंत्रणांची स्मृती हे सारे रात्रंदिवस थोडी थोडी वीज घेत असतात. ही ओढ ५० मिलिअँपिअर धरली, तर बॅटरीतल्या विजेच्या साठ्यातले दिवसाला १.२ अँपिअर-तास (साठा मोजण्याचे एकक) खर्च होतात आणि ६० अँपिअर-तासांची बॅटरी २५ दिवसांत निम्म्यावर येते. त्यात बॅटरीची स्वतःहून होणारी गळती मिळवावी लागते, आणि ती गळती उष्णतेत वाढते. रोज चालणाऱ्या गाडीत ही तूट आपोआप भरून निघते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

बॅटरी नुसती उतरली असती तर पुन्हा चार्ज करून भागले असते. खरे नुकसान ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने होते. शिशाच्या, म्हणजे बहुतेक गाड्यांत असते तशा, बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते, आणि लगेच चार्ज केल्यास ते पुन्हा विरघळते. बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली, तर मात्र त्या सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात, पट्टीचा तेवढा भाग कामातून जातो आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. थंड प्रदेशात आणखी एक धोका असतो. भरलेल्या बॅटरीतले आम्ल कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत ते पाण्याच्या जवळ गेलेले असल्याने गोठू शकते, आणि मग बॅटरीचे कवच तडकते.

माझी पहिली बॅटरी गेली ती एका सर्वमान्य उपायापायी. दर आठवड्याला इंजिन सुरू करून दहा मिनिटे जागच्या जागी चालू ठेवा, असा सल्ला मला अनेकांनी दिला होता आणि मी तो वर्षभर निष्ठेने पाळला. गाडी सुरू करताना स्टार्टर एकदम मोठा प्रवाह ओढतो. नंतर मंद गतीने फिरणारा अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारे यंत्र) जे देतो, त्यातला बराच वाटा पंखे, पंप आणि इंजिनाच्या स्वतःच्या यंत्रणाच घेतात. शिवाय शिशाची बॅटरी जसजशी भरत जाते तसतशी ती प्रवाह कमी स्वीकारते, आणि शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तिला कित्येक तास लागतात. त्यामुळे माझी बॅटरी वर्षभर अर्धवट भरलेलीच राहिली. याशिवाय अपुऱ्या तापलेल्या इंजिनात पाण्याची वाफ आणि न जळलेले इंधन तेलात मिसळते आणि सायलेन्सरमध्ये ओल साठते, हे दुखणे वेगळेच. गाडी सुरू करायचीच असेल तर ती रस्त्यावर नेऊन इंजिन आणि तेल नीट तापेपर्यंत चालवावी, नाहीतर सुरूच करू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

दुसऱ्या वेळी गाडी सलग पाच आठवडे उभी होती. परतल्यावर किल्लीचे बटण दाबले, पण कुलूप उघडले नाही. किल्लीच्या आतली धातूची पट्टी वापरून दार उघडले; परंतु माझ्या गाडीची बॅटरी पुढच्या झाकणाखाली आहे आणि त्या झाकणाची कडी विजेवर चालते, म्हणजे बॅटरीपर्यंत पोहोचण्यासाठीच वीज हवी होती. फ्यूजच्या पेटीत अशा प्रसंगासाठी बाहेरून वीज देण्याचे टोक दिलेले आहे, हे मला त्या दिवशी मालकाच्या पुस्तिकेत सापडले. ज्यांच्या गाडीत अशी रचना आहे त्यांनी ते पान आजच वाचून ठेवावे. बिनचौकटीच्या काचा असलेल्या गाड्यांत दार उघडताना काच किंचित खाली सरकते. वीज नसेल तर ती सरकत नाही, आणि दार जोर लावून लोटल्यास काच किंवा भोवतालचे रबर दुखावते, हेही ध्यानात ठेवावे.

यावर मला सापडलेला भरवशाचा उपाय म्हणजे बॅटरी कायम भरलेली राखणारा स्वयंचलित चार्जर. तो आधी बॅटरी पूर्ण भरतो आणि मग दाब साधारण साडेतेरा व्होल्टपर्यंत उतरवून केवळ गळती भरून काढतो, म्हणून महिनोन्‌महिने जोडून ठेवता येतो. जुन्या धर्तीचा साधा चार्जर असा सोडून देणे घातक आहे, कारण तो थांबत नाही. बॅटरीतले पाणी उडते आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. चार्जर जोडताना धन टोक धन टर्मिनलला लावावे आणि ऋण टोक पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, बहुधा गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, लावावे. ज्या गाड्यांत ऋण टर्मिनलवर बॅटरीचा सेन्सर बसवलेला असतो, त्यांत चार्जरने किती वीज दिली याची नोंद त्यामुळेच बरोबर होते.

उभ्या जागी विजेची सोय नसेल तर ऋण टर्मिनल काढून ठेवणे हा दुसरा मार्ग आहे. मात्र त्याने अलार्म बंद पडतो, काही गाड्यांत रेडिओ पुन्हा संकेतांक मागतो, आणि बॅटरीची स्वतःची गळती थांबत नाही ती नाहीच. साधा मल्टिमीटर (विजेचा दाब मोजणारे उपकरण) जवळ असावा. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाब दिसला तर शिशाची बॅटरी भरलेली समजावी, १२.४ दिसताच चार्जर लावावा, आणि १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी झाली.

हे आकडे लिथियम बॅटरीला लागू नाहीत. पोर्शेने २०१० पासून काही मॉडेलांसाठी शिशाच्या बॅटरीहून सुमारे १० किलोने हलकी लिथियम बॅटरी पर्याय म्हणून दिली, आणि वजन घटवण्यासाठी अनेक मालक नंतरही तशी बॅटरी बसवून घेतात. तिचा दाब शेवटपर्यंत जवळपास सारखाच राहत असल्याने व्होल्ट पाहून ती किती भरली आहे याचा नेमका अंदाज येत नाही. तिच्यासाठी चार्जरही लिथियमचाच हवा. शिशाच्या बॅटरीवरील सल्फेट काढण्यासाठी काही चार्जर जो वाढीव दाब देतात तो तिला अपायकारक ठरतो. जुनी गाडी विकत घेताना आत कोणत्या प्रकारची बॅटरी आहे हे विक्रेत्याला विचारून मगच चार्जर निवडावा.

आपल्या वाहनविषयक पानावर नव्या गाड्यांच्या परीक्षणात गाडी उभी असताना किती मिलिअँपिअर वीज घेते आणि चार्जर जोडण्याची जागा कुठे आहे, या दोन गोष्टी नियमाने छापाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पहिला आकडा उत्पादकाकडून मिळवावा लागेल. दुसरी माहिती पुस्तिकेतच असते.

आपला,
एक नियमित वाचक