आधी नोकरी दाखवा, मग सोलरचं शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला कोळसा कामगारांना सोलरचं ट्रेनिंग द्या म्हणणारा लेख वाचला. लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा आहे यात वाद नाही, ग्लासगोची हवामान परिषद आली, भारताचं २०७० चं नेट झिरो (म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडायचा तेवढाच शोषून घ्यायचा) आलं, इंग्लंड तर दोनदा आलं, फक्त बॉयलरसमोर उभा राहिलेला एकही माणूस कुठं भेटला नाही. आणि शेवटी काय, तर कामगारांचीच नवीन शिकायची मानसिकता नाही म्हणे. इथं डोकं फिरलं.

माझा मेव्हणा बरीच वर्षं एका थर्मलला, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्राला, कंत्राटदाराच्या हाताखाली बॉयलरवर होता. थर्मलचं नाव घालत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट आहे त्याच्याकडं, परीक्षा देऊन मिळवलेलं. गेज ग्लास (बॉयलरातलं पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची नळी) ब्लो करून साफ केल्यावर पाणी परत किती झटक्यात वर येतंय एवढं बघून कुठं चोकअप व्हायला लागलंय ते सांगणारा माणूस. क्लिंकर (भट्टीत राख वितळून झालेले दगडासारखे गोळे) फोडून फोडून हातावर केस म्हणून राहिला नाही. पुढं दुपारी सोलरची वीज भरपूर यायला लागली तसं थर्मलमधल्या युनिटची (वीज तयार करणाऱ्या संचाची) वीज कमी करायला लागले, मग कंत्राट बदललं आणि ह्याला गेटवरच सांगितलं की उद्यापासनं यायचं नाही. परमनंटवाल्यांची दुसऱ्या युनिटला बदली झाली, कंत्राटी माणूस मुळात रजिस्टरवरच नाही तर त्याची बदली कोण करणार?

आता मानसिकतेचं बघू. गावी येऊन हा हात बांधून बसला नाही, सोलरच्या ट्रेनिंगची चौकशी केली. सरकारचा सूर्यमित्र म्हणून ६०० तासांचा कोर्स होता, २०१५ ला सुरू झालेला, योजना चांगलीच, पण दहावी पास आणि वर आयटीआय लागायचं. ह्याचं शिक्षण नववीत सुटलेलं. बॉयलरचं सर्टिफिकेट दाखवलं तर ते चालत नाही. मग एका प्रायव्हेट सेंटरवाल्यानं फी घेतली आणि आत घेतलं. पहिल्या दिवशी प्रोजेक्टर लावून काय शिकवलं, तर सूर्य पूर्वेला उगवतो आणि पॅनलचं तोंड दक्षिणेला करायचं. संध्याकाळी मला फोन, "दाजी, सूर्य कुठनं उगवतोय ते मला ठाऊक हाय, पगार कुठनं उगवणार तेवढं कोण सांगिनात." (आम्ही कर्नाटकातले मराठी, तेव्हा भाषेचा विषय कुणीतरी काढणारच म्हणून सांगतो, शिकवणारा कन्नडमधनं शिकवत होता आणि ह्याचं एका अक्षराला अडलं नाही. आमचं अडतं ते फॉर्म भरताना, पण ते पत्र वेगळं लिहीन.)

कोर्स झाला, सर्टिफिकेट मिळालं, लॅमिनेशन पण करून दिलं. आणि नोकरी कसली, तर सोलर पार्कात पॅनल धुवायची. पाण्याचा पाइप आणि लांब दांड्याचा वायपर. परत कंत्राटदारच, परत घरापासनं लांब, आणि पगार थर्मलपेक्षा कमी. भट्टी सांभाळणाऱ्याला काचा पुसायला लावायच्या आणि वर म्हणायचं की मानसिकता नाही!

सोलर नको असं मी म्हणत नाही. पण आपल्या कर्नाटकातलाच पावगडचा सोलर पार्क २०५० मेगावॉटचा आणि रायचूरचं थर्मल १७२० मेगावॉटचं, कागदावर आकडे जवळजवळ सारखे दिसतात म्हणून माणसं पण तेवढीच लागतील असं कुणी धरून चालू नये. पार्क उभा करताना लागतात, एकदा उभा राहिला की वॉचमन, धुणारे आणि थोडे टेक्निशियन. थर्मलला वॅगनमधला कोळसा उतरवण्यापासनं राख काढण्यापर्यंत तिन्ही शिफ्टला माणूस लागतो, शिवाय गेटबाहेरचे खानावळवाले, चहावाले वेगळेच.

इंग्लंडचं उदाहरण दिलंय ना, ते पण अर्धंच दिलंय. त्यांचं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं हे खरं, पण २०२५ पर्यंत कोळशाची वीज बंद करायची हे तिथल्या सरकारनं २०१५ सालीच सांगून टाकलं होतं. नऊ वर्षं आधी. आमच्या मेव्हण्याला एक रात्र मिळाली.

आणि सगळ्यात राग कशाचा आला सांगू, लेखक बेळगाव जिल्ह्यातल्या वाचकांसाठी लिहितायत आणि साखर कारखान्याचं नावच नाही. इथं ऊस गाळून उरलेल्या बगॅसवर (चिपाडावर) को-जनची, म्हणजे कारखान्याच्या वाफेबरोबरच काढलेली, वीज तयार होते, ती सरकारी हिशेबात रिन्यूएबलच धरतात. तिथं बॉयलर आहे, टर्बाइन आहे, इंधन तेवढं वेगळं. मेव्हणा आता तिथंच जातो, त्याला कुणी प्रोजेक्टर लावून शिकवलं नाही, दोन पाळ्या बघितल्या आणि लागला कामाला. पण हंगाम संपला की घरी. ह्या लोकांना उरलेले महिने काम कसं देता येईल, हंगामी माणसाला कायम कसं करता येईल, ह्यावर दोन ओळी आल्या असत्या तर लेख कापून ठेवला असता. काही कारखाने तर हंगाम संपल्यावर त्याच बॉयलरात कोळसा घालून वीज विकतात. मग तो बॉयलरवाला पाच महिने हिरवा आणि पुढं काळा काय?

जाता जाता, आमच्या गावात स्मशानाकडं जाणाऱ्या रस्त्यावरचे सोलर दिवे गणपतीपासनं बंद आहेत. पंचायतीत विचारलं तर टेक्निशियन बेळगावहून यायचाय म्हणतात. मेव्हणा ते लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट घेऊन गेला होता, त्याला म्हणाले मेंटेनन्स एजन्सीला दिलंय, तुम्हाला हात लावता येणार नाही. ही तीन ओळींची बातमी मी तुमच्याकडं फोटोसकट पाठवली होती, छापली नाही. त्या दिवशीच्या अंकात वाढदिवसाच्या शुभेच्छांना मात्र अख्खं अर्धं पान होतं.

आपला,
एक नियमित वाचक, खानापूर तालुका