'संमोहित करून लुटले' असं छापू नका प्लीज

मा. संपादक,
स. न.

तुमच्या शहराच्या पानावर अधूनमधून एक बातमी असतेच, 'वृद्धेला संमोहित करून दागिने लंपास'. मी ज्युनिअर कॉलेजला मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे ही बातमी आली की वर्गात हमखास प्रश्न येतो, मॅडम नुसतं डोळ्यात बघून असं खरंच करता येतं का? नाही हो. रस्त्यात गाठून, दोन मिनिटांत, तुमची तयारी नसताना कोणी संमोहित करू शकत नाही. (रेल्वेत गुंगीची बिस्किटं चारून लुटतात ते वेगळं, ते औषधाचं काम.)

संमोहनात माणूस झोपत नाही, जागाच असतो, सगळं ऐकू येत असतं आणि नको वाटलं तर उठूनही जाता येतं. होतं काय की लक्ष एकाच गोष्टीवर इतकं गोळा होतं की बाकीचं मागे पडतं आणि सांगितलेली गोष्ट अंगाला खरीच वाटायला लागते. मी मुलांना डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावते, तळव्यांत वीतभर अंतर, आणि सांगत राहते की हातात लोहचुंबक आहेत, ओढतायत, अजून ओढतायत. काहींचे हात सरकत सरकत खरंच जवळ येतात आणि ती पोरं स्वतःच दचकतात, काही नुसती फिदीफिदी हसतात. हे ज्याचं त्याचं वेगळं असतं, स्टॅनफर्डला १९५९ साली ते मोजायची पद्धतसुद्धा तयार झाली आणि साधारण दहातला एखादाच संमोहनात फार पटकन जातो. म्हणजे बाईकवरून आलेल्या चोराला नेमका तोच गाठ पडायला हवा!

पण हे सगळं नाटक असतं असंही नाही. १९९७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी संमोहित लोकांचे हात ४७ डिग्रीच्या पाण्यात बुडवून मेंदूचे स्कॅन काढले आणि त्यांना कधी त्रास वाढतोय तर कधी कमी होतोय असं सुचवलं. पाणी तेवढंच गरम, पण त्रास किती 'वाटतो' याच्याशी जोडलेल्या अँटीरिअर सिंग्युलेट या भागाचं काम सूचनेप्रमाणे बदललं, स्पर्श आणि चटका नोंदवणाऱ्या भागात मात्र तसा फरक दिसला नाही. आणि आपल्याकडे हुगळीला १८४५ पासून डॉ. एस्डेल नावाचे स्कॉटिश सर्जन मेस्मेरिझमवर, म्हणजे संमोहनाच्या जुन्या अवतारावर, मोठमोठी ऑपरेशनं करायचे, त्यासाठी त्यांची माणसं पेशंटवर तासन् तास हात फिरवत बसायची. तासन् तास, सिग्नलला उभं राहून नाही.

मग लुटतात कसं? १७८४ मध्ये पॅरिसजवळ बेंजामिन फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या (मेस्मेरिझम ज्याच्या नावावरून आलं तो डॉक्टर) शिष्याने एक झाड 'भारलं', म्हणजे त्यात अदृश्य शक्ती भरल्याचं सांगितलं, आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला झाडाझाडापाशी नेलं, तर पोरगं भलत्याच झाडापाशी बेशुद्ध पडलं. झाडात काही नव्हतं, जे होतं ते मुलाच्या समजुतीत. आमच्या कॉलनीतल्या काकूंच्या पाटल्या गेल्या तेव्हाही तसंच, फक्त बेशुद्ध कोणी पडलं नाही. एकाने पोलिसाचं कार्ड दाखवलं, "आजी, पुढे मर्डर झालाय, साहेबांनी चेकिंग लावलंय, दागिने काढून रुमालात बांधा", आणि दुसरा एक 'वाटसरू' मुकाट्याने स्वतःची चेन काढून देतोय. पोलिसाचा धाक, घाई, आणि समोर कोणीतरी ऐकतंय. यात संमोहन कुठंय? घरी येऊन सोडलं तर रुमालात खडे.

काकू म्हणतात मला काही सुचलंच नाही, त्याने काहीतरी केलं असणार. मला त्यांचं कळतं, फसले म्हटलं की घरचेच "एवढं कसं कळलं नाही" म्हणून टोचत बसतात, त्यापेक्षा संमोहन बरं. पण तुम्ही तेच हेडिंगमध्ये टाकता तेव्हा वाचणाऱ्या बायका अनोळखी माणसाच्या डोळ्यात बघायचं नाही एवढंच शिकतात, आणि खरा पोलीस रस्त्यात कोणाला दागिने काढून रुमालात बांधायला सांगत नाही ही कामाची गोष्ट राहून जाते.

तेव्हा पुढची अशी बातमी आली की रिपोर्टरला सांगा, चोर काय काय बोलले ते शब्दाला शब्द विचारून घे, आणि तेच मोठ्या टायपात छापा.

आपली,
एक वाचक, नाशिक