तुमच्या तासाला बसू दिलंत, म्हणून

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली, शाल-श्रीफळ झालं, भाषणंही झाली. सगळ्यांनी तुमच्या मार्गदर्शनाचं कौतुक केलं. मला मात्र तुम्ही कधी सूचना म्हणून केली नाहीत, आणि आभार त्याचेच मानायचे आहेत.

चोपडा तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याची आपली द्विशिक्षकी शाळा. पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात, मी अहिराणी, पुस्तक प्रमाण मराठीत. रुजू झालो तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "सर, उद्या गणिताच्या तासाला बसा. मी काय करते ते नका लिहू, पोरं काय करतात ते लिहा." मागे बसून वहीत लिहिणारा म्हणजे तपासणीवाला, एवढंच मला तोवर ठाऊक!

४२ वजा १७. तुम्ही काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या फरशीवर ठेवल्यात, "दोनातून सात कसे देणार?" विचारलंत आणि गप्प बसलात. माझ्या तोंडावर 'हातचा' आलेला. शेवटी खिडकीजवळच्या मुलीने एका गठ्ठ्याचं रबर काढलं आणि शेजारणीला पावरीत काहीतरी सांगितलं. तेच तुम्ही तिला पुढे बोलावून, तिच्याच बोलीत, सगळ्यांना सांगायला लावलंत. प्रश्नानंतर शिक्षक तीन सेकंद थांबला तरी उत्तरं सुधारतात, हे अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवलं होतं. मला ते त्या फरशीवर दिसलं.

मग तुम्ही माझ्या तासाला बसलात. नंतर वही पुढे सरकवून एकच विचारलंत, "ही पोरगी हात वर करून लगेच खाली का घेते?" शेरा नाही, गुण नाहीत. पिअर कोचिंगची, म्हणजे शिक्षकांनी एकमेकांचे तास बघून शिकण्याची, मांडणी करणाऱ्या जॉइस आणि शॉवर्स यांनीही १९९६ मध्ये अभिप्राय देणं वगळायला सांगितलं. अभिप्राय सुरू झाला की बरोबरीचा माणूस साहेब होतो. तुम्ही हे वाचलं होतं का, विचारायचं राहिलंच.

आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला, आलेले छात्राध्यापक (शिक्षक होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी) एक वर्ग सांभाळायचे, म्हणून आपल्याला एकमेकांकडे बसता यायचं. नंतर तेही जोडीने एकमेकांचे सराव पाठ बघू लागले. पाठाच्या लेखी टाचणाच्या सजावटीवरचा त्यांचा वेळ तरी वाचला.

तुमच्या जागी नवे सर आलेत. त्यांना माझ्या तासाला बसवतोय. आधी ते माझ्याकडेच बघत राहायचे. आता पोरांकडे बघू लागलेत.

आपला,
शेजारच्या वर्गातला सर