भडक म्हणालो त्याबद्दल

चिऊ,

काल तू "बाबा, तुम्हाला नाही कळणार ते" म्हणून फोन ठेवलास आणि मी रात्री एक वाजेपर्यंत पंख्याकडं बघत पडलो होतो. आई म्हणाली मेसेज टाका की, पण मोबाइलवर दोन ओळींच्या वर टाइप करायचं म्हटलं की माझा अंगठा भलत्याच अक्षरावर पडतो, म्हणून सकाळी प्रेसवर आल्या आल्या कॉम्प्युटरवर बसलोय. मशीनमन चहाला गेलाय, तेवढ्यात होईल तेवढं लिहितो.

आधी सॉरी. तुझ्या पोस्टरला मी फोनवर "भडक" म्हणालो, माझं मत अजून तेच आहे, पण तो शब्द चुकला. अगं ज्योतिबाच्या चैत्र यात्रेचं पोस्टर भडक नसेल तर काय असेल, गुलालात न्हालेला डोंगर काय फिकट फिकट दाखवायचा? मला म्हणायचं होतं ते वेगळंच, आणि ते फोनवर नीट सांगता आलं नाही कारण मला ते तोंडानं सांगायची सवयच नाही, एवढी वर्षं मशीनपाशी उभं राहून यलो कमी कर, मजेंटा जरा चढव, बास, एवढंच बोलत आलो.

एक जुनी गोष्ट सांगतो, तुला आईनंही सांगितली नसेल, कारण तिला त्याचा अजून राग आहे. तू दोन वर्षांची असशील. एक लग्नपत्रिका आली होती, पाचशे नग, आणि वधूपित्याला लाल पाहिजे होता तो कुंकवाचाच. मजेंटा म्हणजे गडद गुलाबी शाई आणि यलो दोन्ही शंभर टक्के मारले की लाल येतो हे शाळेतलं पोरगंही सांगेल, पण मी शहाणपणा करून शाई स्वतः कालवली, रात्री अकराला ट्यूबलाइटखाली त्यांनी दिलेल्या शालूच्या काठाशी जुळवून बघितली, अगदी तंतोतंत, आणि छापून मोकळा झालो. सकाळी ते गृहस्थ आले, एक पत्रिका उचलली, दाराबाहेर उन्हात गेले आणि तोंड पाडून परत आले. उन्हात तो लाल चक्क विटकरी दिसत होता आणि काठ मात्र होता तसाच लालभडक. शालूचा रंग वेगळ्या द्रव्याचा, माझी शाई वेगळ्या द्रव्याची, ट्यूबलाइटखाली दोघांचं जमलं आणि उन्हात फाटलं. सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या, कागद माझा, शाई माझी, आणि वर "तुमच्याकडं विश्वासानं आलो होतो" हे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. चूक सगळी माझीच होती. तेव्हापासून आपल्याकडं शेड फायनल होते ती सकाळी दहा-अकराला, उत्तरेच्या खिडकीपाशी, दिवे बंद करून. तू लहानपणी विचारायचीस ना बाबा दिवसा लाइट का घालवतात, ते म्हणून.

मागच्या दिवाळीत तू लायब्ररीतलं ते आल्बर्सचं पुस्तक घरी विसरून गेलीस, आठवतं? जोसेफ आल्बर्स. इंग्रजी मला जड जातं, पण चित्रं बघितली, मग डिक्शनरी घेऊन थोडं वाचलंही. १९६३ चं पुस्तक आणि माणूस पोरांना रंग शिकवतो तो रंगानं नाही तर कागदाच्या तुकड्यांनी! मला एवढा आनंद झाला की विचारू नको, कारण तुकड्यांची आपल्याकडं काय कमी? कटिंग मशीनखालच्या पट्ट्या तू फ्रॉकमध्ये भरून घरी न्यायचीस आणि आई केरात टाकायची. मी एक करडी पट्टी घेतली, तिचे दोन तुकडे केले, एक पिवळ्याधमक कागदावर ठेवला, दुसरा गडद निळ्यावर. पिवळ्यावरचा काळपट आणि जरा जांभळट दिसायला लागला, निळ्यावरचा उजळ, उबदार. मशीनमनला बोलावलं, तो म्हणाला दोन वेगळे कागद आहेत मालक, मी पैज लावली, दोन्ही तुकडे उचलून शेजारी शेजारी ठेवले आणि चहा जिंकला. गडी एवढी वर्षं मशीनवर आहे, तरी फसला. मीही फसलोच असतो.

हा आल्बर्स १९५० पासून १९७६ ला मरेपर्यंत चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन एवढंच रंगवत बसला, हजाराच्या वर चित्रं. रंग बहुतेक थेट ट्यूबमधून, आणि चित्राच्या पाठीमागं लिहून ठेवायचा कुठल्या कंपनीचा कुठला रंग वापरला ते. आमच्या भाषेत जॉब कार्ड! मला तो एकदम आमच्या लाइनमधला माणूस वाटला.

पण तू विचारशील की तुमचा आवडता कोण, तर उत्तर ठरलेलं आहे, चित्रकार दीनानाथ दलाल. तुझ्या वर्गात आल्बर्स सगळ्यांना माहीत असेल, दलाल किती जणांना माहीत आहेत विचार, हा माझा एक छोटा टोमणा समज. मडगावचा माणूस, १९१६ चा जन्म, मुंबईत येऊन १९४५ ला "दीपावली" अंक काढला आणि १९७१ ला गेलेसुद्धा, म्हणजे मी जन्मायच्या आधी. मला ते भेटले आजोबांच्या ट्रंकेत. त्या ट्रंकेला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा, अंकांचे कोपरे कसरीनं खाल्लेले, पण कव्हर बघितलं की हात थांबायचा. तेव्हा ऑफसेट सगळीकडं आलेलं नव्हतं, ब्लॉक करून छापायचे, रंग वाढवला की ब्लॉक वाढला आणि खर्च वाढला. त्यामुळं असेल किंवा स्वभाव असेल, पण दलालांच्या बाईच्या अंगावर बघ, एक मोठा सपाट रंग असतो, आणि त्याच्या अगदी उलट्या स्वभावाचा एवढासा तुकडा कुठंतरी, चोळी म्हण, केसातलं फूल म्हण, आणि सगळं चित्र त्या तुकड्यावर पेटतं. तो तुकडा मोठा केला असता तर मेला असता. मी लहानपणी अंगठ्यानं ते फूल झाकून बघायचो, झाकलं की साडीसुद्धा मळकी दिसायची.

रंग नसताना रंग दाखवणारे कमल शेडगे, त्यांचंही नाव घेतो, पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती, सगळं काळं-पांढरं, पण अक्षर बघून कळायचं नाटक हसवणार की रडवणार. त्यांच्यावर वेगळं पत्र लिहीन.

बाहेरच्यांपैकी फ्रेंच चित्रकार मातीसचं ते लाल स्टुडिओचं चित्र, १९११ चं, न्यूयॉर्कला मोमा संग्रहालयात आहे ते. तू मला त्याची लिंक पाठवली होतीस आणि मी नुसता अंगठा पाठवला, तुला वाटलं असेल बघितलंच नाही. बघितलं, बराच वेळ बघितलं. आधी त्यानं खोली निळी, गुलाबी, पिवळट अशी रंगवली होती, मग काय वाटलं कुणास ठाऊक, जवळजवळ सगळ्यावरून लाल फिरवला. आणि टेबल, खुर्ची, ते काटे नसलेलं घड्याळ, त्यांच्या ज्या बारीक रेषा दिसतात त्या वरून काढलेल्याच नाहीत, लाल रंग तेवढ्या जागेत लावलाच नाही, खालचा रंग फटीतून दिसतोय! अगं हे तर रिव्हर्स झालं, गडद पट्ट्यात पांढरी अक्षरं सोडतो तसं. फरक एवढाच की आमचं रजिस्ट्रेशन, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका बसणं, केसभर हललं की अक्षराला गुलाबी शेपूट येतं आणि गिऱ्हाईक पैसे कापतं.

आपल्या चौकातल्या केस कटिंगच्या दुकानात हिरोंची पोस्टरं लावलीत ना, सगळे हिरो निळे पडलेत. तू एकदा विचारलं होतंस हे सगळे आजारी आहेत का म्हणून. उन्हानं आधी यलो आणि मजेंटा उडतात, सायन म्हणजे निळी शाई आणि काळा चिवट, ते मागं राहतात. व्हॅन गॉगच्या त्या बेडरूमच्या चित्राचं तेच झालंय. १८८८ ला त्यानं भावाला पत्रात लिहिलं की भिंती फिकट जांभळ्या आहेत, आणि आज जग बघतं त्या निळ्या भिंती, कारण जांभळ्यातला लाल उडून गेला. जांभळ्याशेजारी पिवळी खाट असा त्याचा हिशेब होता, आता निळ्याशेजारी पिवळी आहे. हे वाचल्यापासून मी त्या सलूनमध्ये दाढी करताना उगाच गंभीर होतो.

आता बरवे. २०१९ ला आपण मुंबईला एनजीएमएत, त्या सरकारी आधुनिक कलेच्या संग्रहालयात, गेलो होतो, चित्रकार प्रभाकर बरव्यांचं प्रदर्शन, तू आठवीत होतीस आणि त्या गोल जिन्यावरच जास्त रमली होतीस. मी मात्र एका चित्राच्या इतका जवळ गेलो की गार्डनं हटकलं. मला खात्री करायची होती की हा खरंच तोच रंग आहे का जो आपण गेटला, ग्रिलला मारतो, डब्यातला ऑइलपेंट. तोच! एनॅमल. तो चकचकीत, वाहणारा, जरा हलका समजला जाणारा रंग घेऊन माणसानं घड्याळं, पानं, शिंपले असे शांत मांडलेत की आवाजच नाही. हे अलिबागजवळच्या नागावचे, आणि वीस-एक वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरी, म्हणजे हातमागाच्या कापडाची डिझाइनं. म्हणजे दिवसा धागा आणि एरवी ऑइलपेंट. त्यांचं "कोरा कॅनव्हास" कपाटात खालच्या खणात आहे, सुट्टीत आलीस की घेऊन जा, पण परत आण.

चित्रकार वा. सु. गायतोंडे मला छापता येत नाहीत, म्हणून ते माझे सगळ्यात मोठे. नागपूरला १९२४ चा जन्म, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकले, २००१ ला वारले, २०१४ ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोठं प्रदर्शन लागलं. वर्षाला मोजकीच चित्रं करायचे आणि ब्रशपेक्षा रोलर आणि नाइफ जास्त. रोलर! आमचंच हत्यार. पण आमचा रोलर शाई सारखी पसरवतो आणि त्यांचा रोलर एकाच पिवळ्यात दहा खोल्या उघडतो. पुस्तकात त्यांचं चित्र बघितलं की मी सवयीनं भिंग लावतो, आणि भिंगाखाली काय, तेच आपले चार शायांचे ठिपके. मूळ चित्रात थराखाली थर असतो, कागदावर चारच थर, तेही पातळ. छापणाऱ्याचा दोष नाही त्यात.

आणि तुझी आई. तिला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या त्या चार शाया, माहीत नाहीत पण ती चिंतामणी, आमसुली, अबोली, पारवा, श्रीखंडी, गुलबक्षी असं धडाधड म्हणते आणि दुकानदार बरोबर तीच साडी काढतो. चिंतामणी म्हणजे नक्की काय यावर आमचं लग्नापासून भांडण आहे, मी म्हणतो निळा, ती म्हणते जांभळा, आणि तिची ती धूपछाव साडी, उभा धागा हिरवा आणि आडवा जांभळा, ती पायऱ्या चढताना एक रंग आणि उतरताना दुसरा. एकदा मी हट्टानं तिचा पदर स्कॅन केला, प्रिंट काढला, तर रस्त्यावरच्या चिखलाचा रंग आला. ती म्हणाली, "ठेवा आता ते मशीन झाकून."

आता तुझं पोस्टर. मी मोजले, अकरा रंग आहेत, आणि अकराही एकाच पट्टीत ओरडतायत. तो फ्लोरोसंट हिरवा स्क्रीनवर पेटतो कारण स्क्रीनमागं दिवा आहे, कागदामागं दिवा नसतो, तो छापल्यावर मेथीच्या भाजीसारखा येणार. तू यात्रेला माझ्या खांद्यावर बसून गेली होतीस, तुला आठवत नसेल, मला आठवतं. गुलाल एवढा उठून का दिसतो सांगू? मंदिराचा दगड काळा आहे, खाली माणसांचे सदरे पांढरे आहेत, आणि चैत्रातलं आभाळ वर कोरडं निळं. सासनकाठी तिरकी झाली की गुलाल त्या काळ्या दगडावर सांडतो आणि तिथं तो जेवढा गुलाबी दिसतो तेवढा पुडीतसुद्धा दिसत नाही. तुझ्या पोस्टरमध्ये दगडच नाही, दगडाच्या जागी तू केशरी ते जांभळा ग्रेडियंट टाकलास. एवढंच मला म्हणायचं होतं आणि मी "भडक" म्हणालो.

मास्तरांना आवडलं असेल तर राहू दे तसंच, मार्क तुला मिळायचेत. पण मन झालं तर एक दुसरी फाइल कर, ग्रेडियंट काढून काळा ठेव, नुसता के शंभर, म्हणजे फक्त काळी शाई, नको, त्यात थोडा सायन टाक म्हणजे काळा खोल येतो, आणि सीएमवायकेत करून पाठव. मी दोन्ही फाइली साध्या मॅपलिथो कागदावर आणि गुळगुळीत आर्ट पेपरवर छापून कुरिअर करतो, हॉस्टेलच्या खिडकीपाशी सकाळी दहाला लावून बघ, ट्यूबलाइट बंद करून. तुझं बरोबर निघालं तर चहा माझ्याकडून.

मशीनमन आला, दोन चहा घेऊन. आईला संध्याकाळी फोन कर, मला नाही केलास तरी चालेल, मी तिथंच बसलेला असतो.

बाबा