काळ्या काचांची तपासणी बंद करू नका

संपादक महोदय,

गाड्यांच्या काळ्या काचांवर पोलीस करतात त्या कारवाईविरुद्ध कालच्या अंकात आलेलं पत्र वाचलं. रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी चहाच्याही आधी हे लिहायला बसले आहे. पत्रलेखकांचं म्हणणं असं, की पोलिसांनी या कारणासाठी गाड्या अडवणं बंद करावं. गोव्यात ऊन फार, गाडी म्हणजे आपली खासगी जागा, आणि आत कोण बसलंय याच्याशी रस्त्यावरच्या माणसाचा काही संबंध नाही. पहिल्या दोन गोष्टींवर बोलता येईल. तिसरी वाचून मात्र माझा संताप झाला. संबंध आहे. माझ्या जाऊबाईंच्या उजव्या मनगटाशी आहे.

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी आम्ही दोघी म्हाळसेच्या दर्शनाला निघालो होतो. जाऊबाई बहात्तर वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. दुसऱ्या हातात जायांची पुडी. म्हार्दोळला रस्ता ओलांडायचा म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. फोंड्याकडून एक मोठी पांढरी गाडी आली, हळू झाली आणि आमच्यापासून दहा पावलांवर थांबली. मी नेहमीसारखा हात वर केला आणि चालकाकडे पाहिलं. आपण सगळेच असं करतो. तो मान हलवतो, हाताने 'चला' म्हणतो, मगच आपण पाय उचलतो. त्या दिवशी काचेत मला चालक दिसलाच नाही. दिसलं ते ढगाळ आभाळ आणि माझी स्वतःची छत्री.

गाडी थांबली आहे म्हणजे आपल्यासाठीच थांबली आहे, असं मी धरलं. ती चूक माझी, आणि ती मला आजही खाते. तीन पावलं टाकली असतील नसतील, गाडी सुटली. हॉर्न नाही, काही नाही. मी जाऊबाईंचा दंड धरून मागे ओढलं. आरसा त्यांच्या कोपराला घासून गेला, त्या पाठीवर पडल्या आणि हात खाली टेकला. काठी मागच्या चाकाखाली सापडून दोन तुकडे झाली. पुढे जाऊन गाडीचे लाल दिवे क्षणभर पेटले. म्हणजे आतल्या माणसाला कळलं होतं. मग ती निघून गेली.

संध्याकाळी आम्ही तक्रार द्यायला गेलो. नंबरातले शेवटचे दोन आकडे तेवढे माझ्या लक्षात होते. तिथल्या शिपायाने विचारलं, "बाय, गाडी कोण चलयतालो? दादलो काय बायल?" म्हणजे गाडी पुरुष चालवत होता की बाई. मला सांगता आलं नाही. म्हातारा की तरुण, फोनवर बोलत होता की मागे वळून पोरांना रागवत होता, आत एक माणूस होता की पाच, काहीच नाही. तेहतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, वर्गात मागच्या बाकावर कोण काय करतंय ते फळ्याकडे तोंड असताना सांगायचे. आणि दहा पावलांवरच्या माणसाचं मला एक अक्षर सांगता येईना. त्या शिपायाने पेन खाली ठेवलं, त्यात त्याचा तरी काय दोष?

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. त्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या घरात नेवऱ्यांची (करंज्यांची) कड मुरडायला जाऊबाई नव्हत्या. बाजूला पाटावर बसून त्या सुनांना दाखवत होत्या आणि मधूनच आपला प्लास्टरमधला हात उचलू बघत होत्या. हे मी कुणाची कीव मिळवायला लिहीत नाही. 'रस्त्यावरच्या माणसाचा संबंध काय' असं ज्यांनी लिहिलं त्यांनी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

आता ऊन. ऊन आम्हालाही लागतं, रस्त्यावर चालणाऱ्याला तर जास्तच. पण अंधार आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हातली साधारण निम्मी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येते. ते किरण अडवणारी, तरीही आरपार स्वच्छ दिसणारी काच मिळते. ती महाग असते, हे खरं. स्वस्तातली काळी फिल्म उजेड अडवते, स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता आतच सोडते.

पत्रलेखकांनी केरळ उच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालाचा दाखला दिला आहे. अर्धा दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 ला सरसकट सगळ्या फिल्म बंद केल्या होत्या. पुढे 1 एप्रिल 2021 पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांतला काचांविषयीचा नियम 100 बदलला, आणि त्या बदलाच्या आधाराने केरळच्या न्यायालयाने फिल्म चालेल असं म्हटलं. पण कशी? पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के, बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आरपार जात असेल तर. त्या निकालातही काळोखाला परवानगी नाही.

आणि इथे मला थोडं गणित करू द्या. फिल्म लावणारा दुकानदार सांगतो, 'ही पन्नास टक्क्यांची, कायद्यात बसते.' पण गाडीची मूळ काचही सगळा उजेड सोडत नाही. समजा ती 70 टक्के सोडते. वर 50 टक्क्यांची फिल्म चढवली की 70 चे निम्मे झाले. आत जाणारा उजेड 35 टक्के. सातवीच्या मुलाला हे येतं. गाडीवाल्याला दुकानात कुणी सांगत नाही, आणि मग नाक्यावर दंड झाला की तो छळ वाटतो. त्याच 35 टक्क्यांतून त्याला पावसाळी रात्री आरशात पाहायचं असतं, बाजूने येणारा सायकलवाला पाहायचा असतो आणि वळणावर बसलेली गुरंही.

6 ऑगस्ट 2023 ला बाणस्तारी पुलावर गाडीच्या अपघातात तीन जीव गेले, तेव्हा स्टिअरिंगवर कोण होतं यावरूनच किती दिवस वाद चालला, हे फोंडा महालात सर्वांना आठवतं. त्या गाडीच्या काचा काळ्या होत्या असं माझं म्हणणं नाही. गाडी कोण चालवत होतं हे चारचौघांना दिसणं केवढं मोलाचं असतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

पत्रलेखकांची एक तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. तपासणीची पद्धत. मी स्वतः पाहिलं आहे, पोलीस काचेच्या कडेला नख लावून खरवडतात, फिल्म सुटते का बघतात, आणि डोळ्यांनी ठरवतात. ही काय मोजणी झाली? काचेतून किती उजेड जातो ते मोजणारं टिंट मीटर लावा, आकडा गाडीवाल्याला दाखवा, मग चलन फाडा. माझ्या भाच्याने जुनी गाडी घेतली, फिल्म आधीच्या मालकाने चिकटवलेली. नाक्यावर अडवलं, दंड त्याने मुकाट्याने भरला. पण फिल्म तिथल्या तिथे ओढून काढायला लावली. मागच्या काचेच्या आतल्या अंगाला वाफ घालवणाऱ्या बारीक तपकिरी रेषा असतात, त्या फिल्मबरोबर निघून आल्या. आता पावसात त्याची मागची काच धुरकट होते आणि त्याला मागचं काही दिसत नाही. ज्यासाठी कारवाई केली, नेमकं तेच बिघडलं. गरम पाण्याने, सावकाश, माहितगाराकडून फिल्म काढून आणायला आठ दिवस द्या आणि गाडी परत दाखवायला सांगा. यात कायद्याचा काय तोटा होतो?

दुसरं, तपासणी सर्वांची करा. त्याच नाक्यावर माझ्या डोळ्यांदेखत एक डांबरासारख्या काचांची, पुढे सरकारी पाटी लावलेली गाडी न थांबता गेली आणि कुणी हात केला नाही. 2012 च्या निकालात सवलतीचा विषय होता तो झेड आणि झेड प्लस सुरक्षेपुरता. एवढी सुरक्षा असलेली किती माणसं म्हार्दोळवरून जातात? मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली पहिल्या वेळी 500 रुपये आणि पुढच्या वेळी 1500 रुपयांपर्यंत दंड आहे. तो माझ्या भाच्याने भरायचा, तर त्या गाडीच्या मालकानेही भरायचा.

जाता जाता आपल्याकडेही एक तक्रार आहे. याच रस्त्यावरचे पुसले गेलेले झेब्रा पट्टे पुन्हा रंगवावेत म्हणून मी मागे पत्र पाठवलं होतं. आपण ते छापलंत, त्याबद्दल आभार. पण पट्टे नेमके कुठे पुसलेत, कोणत्या वेळी तिथून शाळेची मुलं जातात, तो सगळा भाग काढून टाकलात. उरलं ते 'प्रशासनाने लक्ष द्यावे' एवढंच. त्याने कोण लक्ष देणार? पट्टे अजून तसेच पुसट आहेत.

हे पत्र मोठं झालं आहे, मला कळतं. कापावंच लागलं तर गणित कापा, कलमं कापा. काठीचं तेवढं कापू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, म्हार्दोळ