प्रकल्पाला गुण देताना काठी धरणाऱ्यालाही विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

15 सप्टेंबरचा अभियंता दिन जवळ आला की महाविद्यालयांमध्ये उत्कृष्ट विद्यार्थी प्रकल्पांच्या गौरवाची तयारी सुरू होते. अलीकडच्या काळात या गौरवात दिव्यांगांसाठी केलेल्या साहाय्यक उपकरणांना मानाचे स्थान मिळू लागले आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. तीस वर्षे अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेला अध्यापक आणि एका दृष्टिहीन माणसाचा थोरला भाऊ, अशा दोन्ही नात्यांनी मला आपल्या वृत्तपत्रातून एक आग्रहाची विनंती करावयाची आहे. असे उपकरण ज्याच्यासाठी तयार केले, त्याने ते वापरून पाहिल्याखेरीज त्याला पारितोषिक दिले जाऊ नये आणि परीक्षकांमध्ये त्या वापरणाऱ्यालाही गुण देण्याचा अधिकार असावा.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात मी अशाच स्पर्धेचा परीक्षक होतो. विद्यार्थ्यांनी पांढऱ्या काठीला अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि बझर बसवला होता. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांच्यातलाच एक जण व्हरांड्यात मांडलेल्या खुर्च्यांमधून चालून दाखवत होता आणि अडथळा जवळ आला की काठी वाजत होती. काम नीटनेटके होते, आम्ही पहिला क्रमांक दिला. नंतर माझ्या विनंतीवरून ती मुले काठी घेऊन घरी आली. माझा भाऊ ती घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत येऊन म्हणाला, ‘‘दादा, ही काठी मला बहिरं करते.’’ रस्त्यावर त्याचा सगळा भार कानांवर असतो. मागून येणारी रिक्षा, भिंत संपून मोकळी जागा लागल्याची जाणीव, काठीच्या टोकाचा फरशीवर आणि मातीवर होणारा वेगवेगळा आवाज, हे सारे त्या बझरखाली बुडून जात होते. आम्हा तिन्ही परीक्षकांपैकी एकाच्याही ते ध्यानात आले नव्हते, आणि ज्याच्या घरात हा अनुभव रोजचा, त्या माझ्याही नाही, याची खंत मला आजही आहे. मुलांनी त्याचे म्हणणे लिहून घेतले. पण पारितोषिक मिळालेले होते, परीक्षा तोंडावर होती, पुढे नोकऱ्या लागल्या आणि ती काठी विभागाच्या कपाटात गेली. दोष त्या मुलांना देता येणार नाही. त्यांचे काम संपले असे आम्हीच त्यांना व्यासपीठावरून सांगितले होते.

याच कल्पनेचे पुढे काय होऊ शकते, हे दिल्लीच्या आयआयटीतील ‘स्मार्टकेन’ने दाखवून दिले आहे. 2005च्या सुमारास रोहन पॉल आणि त्यांच्या सहाध्यायांनी प्रा. एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली हाती घेतलेला हा पदवीच्या अभ्यासक्रमातील प्रकल्प होता. साध्या पांढऱ्या काठीला जमिनीवरचा दगड, पायरी आणि खड्डा कळतो. मात्र गुडघ्याच्या वर असलेले, उदाहरणार्थ झाडाची खाली आलेली फांदी, अर्धवट उघडलेली खिडकी किंवा उभ्या ट्रकची मागची फळी, तिला कळत नाही. माझ्या भावाच्या कपाळावरची खूण अशाच एका खिडकीच्या झडपेची आहे. स्मार्टकेनचे उपकरण घडीच्या काठीच्या मुठीवर बसते, ध्वनिलहरींच्या साहाय्याने सुमारे तीन मीटरपर्यंतचा अडथळा ओळखते आणि तो मुठीच्या कंपनांतून हाताला सांगते. अंतर कमी होईल तशी कंपने बदलतात. कान मोकळे राहतात. काठी धरण्याची प्रत्येकाची पद्धत निराळी असते, तिचाही विचार मुठीच्या आकारात केलेला आहे. प्रयोगशाळेत बसून हे सुचणे कठीण. त्यासाठी वापरणाऱ्यांमध्ये जाऊन बसावे लागते. दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या दिल्लीच्या ‘सक्षम’ या संस्थेच्या सोबतीने ते घडले, ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने अर्थसाहाय्य दिले, चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सने उत्पादनाची जबाबदारी घेतली आणि 2014 साली सुमारे 3000 रुपयांत ही काठी लोकांच्या हाती आली. वर्गातल्या प्रकल्पापासून तिथवर यायला जवळजवळ नऊ वर्षे लागली. मला या कामात सर्वांत मोठे वाटते ते हे नऊ वर्षे टिकून राहणे. गौरव करायचा तर तो या चिकाटीचा व्हावा, आणि आपल्या पारितोषिकांच्या नियमांत नेमकी तिलाच जागा नाही.

36 तासांत नमुना तयार करायच्या स्पर्धांमधून, म्हणजे हॅकॅथॉनमधून, कल्पना पुढे येतात, मुलांना हुरूपही येतो. त्याला माझा विरोध नाही. परंतु शरीराला जोडून वापरायचे उपकरण दोन दिवसांत पारखता येत नाही. कृत्रिम पायाचा जोड कुठे काचतो ते महिनाभर चालल्यावर कळते, आणि काठीचे चार्जिंग संध्याकाळी घरी परतताना संपते की नाही, ते रोज कामावर जाणाराच सांगू शकतो. म्हणून माझी सूचना अशी की, पारितोषिकाची निम्मी रक्कम समारंभात द्यावी आणि उरलेली वर्षभराने, ते उपकरण निदान एखाद्या व्यक्तीच्या नित्य वापरात असल्याचे पाहून द्यावी. मधल्या काळातील दुरुस्तीचा व सुट्या भागांचा खर्च महाविद्यालयाने उचलावा आणि पदवी घेऊन बाहेर पडणारा गट हे काम मागच्या वर्गाच्या हाती रीतसर सोपवील, अशी अट घालावी. यासाठी नवे अनुदान लागेल असे मला वाटत नाही. शाली, स्मृतिचिन्हे आणि मंडपावर होणाऱ्या खर्चातून हे भागू शकेल.

वापरणारे परीक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न तर आपल्याकडे पडूच नये. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे, मुंबईत ‘नॅब’ (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) आहे, हाजी अली येथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. प्रकल्पाचा विषय ठरतानाच विद्यार्थ्यांना अशा ठिकाणी पाठवले, तर बझर लावायचा की कंपन, हे सर्किट जुळवण्याआधीच समजेल.

ज्यांच्या जन्मदिवशी आपण अभियंता दिन साजरा करतो, ते विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे विद्यार्थी. त्यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे 1903 साली खडकवासल्याच्या धरणावर बसले आणि त्यांची पारख पुराच्या पाण्याने केली. आपल्या विद्यार्थ्यांच्या कामालाही तशी खरी परीक्षा मिळावी, एवढेच मागणे आहे. माझा भाऊ पुण्यातील कोणत्याही महाविद्यालयात या कामासाठी यायला तयार आहे, आणि मुलांची इच्छा असेल तर त्यांची काठी वर्षभर वापरायलाही.

आपला नम्र,
एक निवृत्त अध्यापक, पुणे